नळ दुरुस्त झाला म्हणून भाडं आपोआप पूर्ववत होत नाही: न्यूयॉर्कच्या रेंट स्टॅबिलाइज्ड घरांमध्ये कमी झालेलं भाडं परत कसं चालू होतं

आमच्या बाथरूमच्या छतातून वर्षभर पाणी ठिबकत होतं, सिंकखाली ओल होती, बेडरूमची खिडकी नीट बंद व्हायची नाही. तक्रार केली, बऱ्याच महिन्यांनी सरकारी ऑर्डर आली आणि भाडं कमी झालं. मग एक दिवस अचानक सुपर, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणारा माणूस, दोन जणांना घेऊन आला, तीन दिवस ठोकाठोक चालली, आणि चौथ्या दिवशी दाराखालून मॅनेजमेंटचं पत्र सरकवलेलं दिसलं की काम पूर्ण झालंय, पुढच्या पहिल्या तारखेपासून लीजवर लिहिलेलं पूर्ण भाडं भरा. मला ते बरोबरच वाटलं, काम तर खरंच झालं होतं ना. चेक लिहायला बसणार इतक्यात आमच्याच मजल्यावर चाळीसेक वर्षं राहणाऱ्या एक बाई भेटल्या आणि त्यांनी एकच विचारलं, "नवी ऑर्डर आली का?" नव्हती आली. "मग भरू नकोस," म्हणाल्या.

त्या एका प्रश्नात हा सगळा विषय आहे, पण मला तो नीट कळायला बरेच दिवस लागले. क्वीन्समध्ये, ब्रॉन्क्समध्ये आपली कितीतरी माणसं अशा घरांमध्ये राहतात आणि काही जणांची आता स्वतःची छोटी बिल्डिंगपण आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितोय.

आधी हे कोणत्या घरांना लागू होतं ते बघू, कारण इथेच लोक गोंधळतात. न्यूयॉर्क शहरात १९६९ साली रेंट स्टॅबिलायझेशनचा कायदा आला आणि १९७४ साली राज्याने इमर्जन्सी टेनंट प्रोटेक्शन ॲक्ट करून तो वाढवला. ढोबळमानाने सांगायचं तर १ जानेवारी १९७४ च्या आधी बांधलेली, सहा किंवा जास्त घरं असलेली बिल्डिंग असेल तर तुमचं घर स्टॅबिलाइज्ड असण्याची चांगली शक्यता आहे (टॅक्स सवलत घेतलेल्या काही नव्या बिल्डिंगापण यात येतात). अशा घराचं भाडं मालक मनाला येईल तसं वाढवू शकत नाही, दरवर्षी रेंट गाइडलाइन्स बोर्ड जे टक्के ठरवतं साधारणपणे तेवढंच, त्यालाच गाइडलाइन म्हणतात. यापेक्षा जुना प्रकार म्हणजे रेंट कंट्रोल, १ फेब्रुवारी १९४७ च्या आधीची बिल्डिंग आणि तेच कुटुंब १ जुलै १९७१ च्या आधीपासून सलग तिथे राहतंय, अशी घरं आता फार थोडी उरलीत. या दोन्हींवर देखरेख करणारं राज्याचं खातं म्हणजे डिव्हिजन ऑफ हाउसिंग अँड कम्युनिटी रिन्युअल, सगळे त्याला डीएचसीआर म्हणतात, १९८४ पासून शहराचंही काम त्यांच्याकडे आहे.

आपलं घर यात येतं की नाही हे माहीत नसेल तर डीएचसीआरकडून त्या घराची रेंट हिस्टरी, म्हणजे आजवरच्या भाड्याची नोंद, मागवता येते, त्याला पैसे पडत नाहीत. घर घेतलं की पहिल्या आठवड्यात हे काम उरकून टाकावं असं माझं ठाम मत आहे, का ते पुढे येईलच.

तुमचं घर मार्केट रेटचं, म्हणजे भाड्यावर असं नियंत्रण नसलेलं, असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, पण तुम्ही अगदी उघड्यावर पडलेले नाही. राज्याच्या रिअल प्रॉपर्टी लॉमध्ये कलम २३५-ब आहे, १९७५ पासूनचं, प्रत्येक घर राहण्यालायक ठेवायची जबाबदारी मालकाची असं ते सांगतं, आणि तसं ठेवलं नाही तर हाउसिंग कोर्टातला जज भाड्यात सूट देऊ शकतो. पण ती सूट म्हणजे जे महिने त्रास झाला त्या महिन्यांची भरपाई, काम झालं की सूट थांबते आणि विषय संपतो. डीएचसीआरचं भाडं कमी करणं हे वेगळं प्रकरण आहे. ती भरपाई नाही, ते भाडं खाली आणून गोठवणं आहे, आणि गोठवलेलं भाडं काम झालं म्हणून आपोआप वितळत नाही, ते पुन्हा चालू करायला तसाच कागद लागतो.

आता भाडं कमी होतं कसं ते थोडक्यात. मालकाने पुरवायच्या सेवा ठरलेल्या असतात, हीट, गरम पाणी, दुरुस्त्या, रंग, लिफ्ट, सफाई, इंटरकॉम, आणि आधीपासून दिलेल्या असतील तर डोअरमन किंवा लाँड्री रूमसुद्धा. यातलं काही बंद पडलं किंवा घटलं तर आधी मालकाला लेखी कळवायचं, त्याची कॉपी ठेवायची आणि मग डीएचसीआरकडे अर्ज करायचा. फक्त आपल्या घरापुरतं असेल तर आरए-८१ हा फॉर्म, पूर्ण बिल्डिंगचं असेल तर आरए-८४, हीट आणि गरम पाण्याचा वेगळाच आहे. खातं तो अर्ज मालकाला पाठवतं, त्याचं म्हणणं मागवतं, बऱ्याच वेळा इन्स्पेक्टर पाठवतं, आणि तक्रार खरी निघाली तर ऑर्डर काढतं. अगदी बारीकसारीक गोष्टी, म्हणजे केसाएवढी भेग वगैरे, यांना किरकोळ धरून त्यावर भाडं कमी करत नाहीत, त्याची यादीच नियमांमध्ये दिलेली आहे.

ऑर्डर आली की स्टॅबिलाइज्ड घराचं भाडं शेवटच्या गाइडलाइन वाढीच्या आधी जेवढं होतं तेवढ्यावर जातं. किती टक्के कमी करायचं हे इन्स्पेक्टर ठरवत नाही, छत गळतंय का खिडकी मोडलीय यावरही रक्कम अवलंबून नसते, सरळ एक वाढ मागे घेतली जाते आणि तिथेच कुलूप. यापुढे लीज रिन्यू झालं तरी मालक वाढ घेऊ शकत नाही, भाडेकरू बदलला तरी नाही. आणि हे लागू कधीपासून, तर ऑर्डरच्या तारखेपासून नाही, खात्याने तुमची तक्रार मालकाला पाठवली त्याच्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून, म्हणजे मागच्या तारखेने.

रेंट कंट्रोलमध्ये हिशोब वेगळा, तिथे प्रत्येक बिघाडामागे ठराविक कपात होते आणि ती ऑर्डर निघाल्यानंतरच्या महिन्यापासून पुढे लागू होते.

आता आकडे घेऊन बघू, नाहीतर हे डोक्यात राहत नाही. समजा तुमचं भाडं २,००० डॉलर होतं आणि १ नोव्हेंबर २०२३ ला एक वर्षाचं लीज रिन्यू झालं, तेव्हाची गाइडलाइन ३ टक्के होती म्हणून भाडं झालं २,०६०. जानेवारीत छत गळायला लागलं, पत्र लिहून काही झालं नाही, तुम्ही अर्ज केला, खात्याने तो फेब्रुवारी २०२४ मध्ये मालकाला पाठवला. ऑर्डर निघाली ऑगस्टमध्ये. पण लागू झाली १ मार्च २०२४ पासून, आणि भाडं परत २,०००. मार्च ते ऑगस्ट सहा महिने तुम्ही महिना ६० डॉलर जास्त भरलेत, म्हणजे ३६० डॉलर मालकाने परत द्यायचे. नोव्हेंबर २०२४ ला पुन्हा रिन्युअल, तेव्हाची एक वर्षाची गाइडलाइन २.७५ टक्के. लीजवर आकडा येईल २,११६ डॉलर ६५ सेंट. तो आकडा कागदावर लिहिणं बेकायदेशीर नाही, मालकाला रिन्युअल द्यावंच लागतं आणि त्यात कायदेशीर वाढ लिहिता येते, फक्त ती वसूल करता येत नाही. तुम्ही भरायचे २,०००च.

इथे कितीतरी लोक फसतात. लीजवर सही केली म्हणजे तेवढं भरायला बांधील झालो असं वाटतं, मीपण तेच समजत होतो. सही केली तरी जोपर्यंत भाडं कमी करणारी ऑर्डर जिवंत आहे तोपर्यंत गोठलेलं भाडंच खरं.

आता मुख्य मुद्दा. मालकाने दुरुस्ती केली. पुढे काय?

पुढे मालकाने खात्याकडे भाडं पूर्ववत करण्याचा अर्ज करायचा, त्या फॉर्मचा नंबर आरटीपी-१९. हा अर्ज न करता नुसतं काम केलं तर घर चांगलं होतं, भाडं मात्र आहे तिथेच राहतं. एक वर्ष, पाच वर्षं, वीस वर्षं, कितीही. ऑर्डरला एक्सपायरी डेट नसते. ती घराला चिकटलेली असते, माणसाला नाही, त्यामुळे भाडेकरू सोडून गेला तरी ती नव्या भाडेकरूच्या कामाला येते आणि बिल्डिंग विकली तरी नव्या मालकाच्या गळ्यात पडते. २०१० साली राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने, त्याचं नाव कोर्ट ऑफ अपील्स, ब्रॉन्क्समधल्या एका घराच्या केसमध्ये हेच सांगितलं. १९८० च्या दशकातल्या भाडं कमी करणाऱ्या ऑर्डर होत्या, भाडेकरूने जादा भाड्याची तक्रार केली २००३ मध्ये, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे फक्त चार वर्षं मागे बघायचं असं असूनही कोर्ट म्हणालं की ती ऑर्डर अजून उठलेली नाही, म्हणजे भाडं कमी ठेवायचं मालकाचं बंधन रोज चालूच आहे, ते दुर्लक्षित करता येणार नाही.

म्हणून रेंट हिस्टरी मागवा म्हटलं. तुमच्या आधीच्या आधी राहणाऱ्या कोणीतरी अर्ज केलेला असू शकतो, ऑर्डर आलेली असू शकते, मालकाने काम करून अर्जच केला नसेल, आणि आज तुम्ही भरताय ते भाडं मुळात घेण्याचा हक्कच त्याला नसेल.

मालकांच्या बाजूने बघितलं तर मला यात खरंच वाईट वाटतं. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांची आठ घरांची बिल्डिंग आहे, स्वतः हातोडी घेऊन काम करणारा माणूस. त्यांनी एका घरात ऑर्डर आल्यावर दोन आठवड्यांत सगळं दुरुस्त केलं, भाडेकरूपण खूश, आणि त्यांना वाटलं झालं. अर्ज करायचा असतो हे त्यांना तीन वर्षांनी कळलं. त्या तीन वर्षांची वाढ गेली ती गेली, ती परत मिळायची काही सोय नाही, आणि वर त्यातल्या काही महिन्यांत त्यांनी वाढीव भाडं घेतलेलं, तेही परत करावं लागलं. वाईट हेतू काहीच नव्हता. पण नियम हेतू विचारत नाही, कागद विचारतो.

तर अर्ज कसा करायचा. ऑर्डर समोर ठेवा आणि त्यात लिहिलेला एकेक बिघाड वाचा. स्टॅबिलाइज्ड घरात नियम सरळ आहे, यादीतलं सगळं दुरुस्त झालं पाहिजे. पाचातली चार कामं झाली आणि एका खिडकीचं राहिलं तर भाडं पूर्ववत होत नाही, चार पंचमांशही नाही, काहीच नाही. (रेंट कंट्रोलमध्ये प्रत्येक बिघाडाची कपात वेगळी असल्यामुळे जे दुरुस्त झालं तेवढ्यापुरतं परत मिळू शकतं.) आणि दुसरं म्हणजे काम नीट झालेलं पाहिजे, कारागिरासारखं. छतावरचा ओलीचा डाग रंगवून टाकला आणि वरच्या घरातला पाइप तसाच ठेवला तर ती दुरुस्ती नाही, तो रंग आहे, आणि इन्स्पेक्टर येईपर्यंत त्या रंगाला फुगे आलेले असतात. गळती कुठून येतेय ते शोधा, पाइप बदला, मग भिंत पूर्ण वाळू द्या, मग प्लास्टर, मग रंग. झुरळांचं असेल तर एकदा एक्स्टर्मिनेटर आणून भागत नाही, तो दर महिन्याला येतोय असं दाखवता आलं पाहिजे. प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो, प्लंबरचं बिल, सामानाच्या पावत्या, सगळं एका फाइलमध्ये.

मग भाडेकरूला शांतपणे घर दाखवायला सांगा आणि त्याला मान्य असेल तर सगळं दुरुस्त झाल्याचं त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या. अर्जासोबत ते जोडलं की काम खूप सोपं होतं. भाडेकरूने सही दिलीच पाहिजे असं नाही आणि दिली नाही म्हणून अर्ज अडत नाही, खातं त्याला अर्जाची कॉपी पाठवून त्याचं म्हणणं विचारतं आणि जिथे दोघांचं जुळत नाही तिथे इन्स्पेक्टर पाठवतं.

बरं, भाडेकरू घरातच येऊ देत नसेल तर? असं होतं, आणि नेहमी मुद्दाम नसतं, लोक दोन नोकऱ्या करतात, रात्रपाळी असते, किंवा मागच्या वेळी सुपर न सांगता आत शिरला म्हणून भीती बसलेली असते. पण मालकालाही मार्ग हवा, म्हणून नियम असा की मालकाने भाडेकरूला दोन पत्रं पाठवायची, प्रत्येक पत्र सर्टिफाइड मेलने (आपल्या रजिस्टर्ड पोस्टासारखं), रिटर्न रिसीटसह, म्हणजे पोचपावतीसह, आणि ज्या दिवशी यायचंय त्याच्या कमीत कमी आठ दिवस आधी टाकलेलं. ही दोन पत्रं आणि त्यांच्या पावत्या दाखवल्या की खातं स्वतः तारीख ठरवतं, इन्स्पेक्टर, मालक आणि कारागीर एकत्र दारात येतात, आणि तेव्हाही भाडेकरूने दार उघडलं नाही तर निकाल त्याच्या विरुद्ध जाऊ शकतो. टेक्स्ट मेसेज, फोन, लिफ्टमध्ये तोंडी सांगितलेलं, यातलं काही इथे चालत नाही. मालकांनो, सात दिवस आधी टाकलेलं पत्र म्हणजे न टाकल्यासारखंच, आठ मोजा.

आता भाडेकरूच्या बाजूने, आणि इथे जरा सावकाश वाचा कारण पैसे इथे अडकतात.

मालकाचा अर्ज गेला, खात्याने त्याची कॉपी तुम्हाला पोस्टाने पाठवली. तो लिफाफा उघडा. त्यात उत्तर द्यायची मुदत असते, त्या मुदतीत उत्तर द्या, कारण उत्तर दिलं नाही तर मालकाचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असं धरून पुढे जाता येतं. उत्तरात ऑर्डरमधली यादी घेऊन एकेक लिहा, छत दुरुस्त झालं, सिंक दुरुस्त झाला, खिडकी अजून बंद होत नाही, सोबत फोटो. जे झालंय ते झालं म्हणा. खोटं नाकारलं आणि इन्स्पेक्टरने येऊन बघितलं की सगळं ठीक आहे, तर नुसती तुमची पत जाते, भाडं काही वाचत नाही. उलट मालकाने कागद पुढे केला, सुपर दारात उभा आहे, तुम्ही स्वयंपाक करताय, आणि "इथे सही करा फक्त" म्हणतोय, तेव्हा अजिबात करू नका. कागद ठेवून घ्या, संध्याकाळी प्रत्येक खोलीत जाऊन तपासा, नळ दहा मिनिटं सोडून ठेवा, खिडकी उघडझाप करून बघा, पाऊस पडून गेल्यावर छत बघा. सगळं खरंच झालं असेल तर आनंदाने सही करा, माणसाने काम केलंय, त्याला त्याचं भाडं मिळायला हवं.

आणि आता ती गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. भाडं पूर्ववत करणारी ऑर्डरसुद्धा मागच्या तारखेने लागू होते. स्टॅबिलाइज्ड घरात खात्याने मालकाचा अर्ज तुम्हाला पाठवला त्याच्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. वरचंच उदाहरण पुढे नेतो. मालकाने डिसेंबर २०२४ मध्ये सगळं दुरुस्त करून अर्ज केला, खात्याने तो जानेवारी २०२५ मध्ये तुम्हाला पाठवला, इन्स्पेक्शन वगैरे होऊन ऑर्डर निघाली मे महिन्यात. पण लागू झाली १ फेब्रुवारीपासून. आणि भाडं कुठे जातं, तर जुन्या २,०६० वर नाही, मधल्या काळात कागदावर झालेली कायदेशीर वाढ धरून २,११६ डॉलर ६५ सेंटवर. फेब्रुवारी ते मे चार महिने तुम्ही २,००० भरलेत, फरक महिन्याला ११६ डॉलर ६५ सेंट, म्हणजे एकदम ४६६ डॉलर ६० सेंट देणं लागता. उदाहरणात मधे एकच वाढ आहे म्हणून हा आकडा छोटा दिसतो. सहा-सात वर्षं गोठलेलं भाडं असेल आणि ऑर्डर यायला वेळ लागला तर हीच रक्कम हजारांत जाते आणि मग भाडं थकलं म्हणून हाउसिंग कोर्टाची नोटीस येते, माणूस घाबरून जातो.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, मालकाच्या अर्जाची कॉपी हातात पडली आणि तुम्हाला मनातून माहीत आहे की कामं नीट झालीत, तर त्या महिन्यापासून फरकाची रक्कम बाजूला वेगळ्या खात्यात टाकायला लागा. मालकाला द्यायची नाही, कारण अजून ऑर्डर नाही, पण खर्चही करायची नाही. ऑर्डर आली की देऊन मोकळे, नाही आली तर तुमचीच आहे.

मालकासाठी याचा अर्थ उलट. काम झालं त्या आठवड्यातच अर्ज टाका, कारण घड्याळ काम संपल्यावर सुरू होत नाही, खात्याने अर्ज भाडेकरूला पाठवल्यावर सुरू होतं. वरच्या उदाहरणात १ मार्च २०२४ ते ३१ जानेवारी २०२५ या अकरा महिन्यांचा फरक, पहिले आठ महिने ६० प्रमाणे ४८० आणि पुढचे तीन महिने ११६.६५ प्रमाणे ३४९ डॉलर ९५ सेंट, असे मिळून ८२९ डॉलर ९५ सेंट मालकाचे कायमचे गेले. अर्ज एक महिना उशिरा टाकला की त्यात आणखी ११६ डॉलर ६५ सेंट.

रेंट कंट्रोलमध्ये मात्र पूर्ववत होणं मागच्या तारखेने नसतं, ऑर्डर निघाल्यानंतर पुढे चालू होतं, त्यामुळे तिथे थकबाकीचा हा धक्का नाही.

ऑर्डर कोणाला मान्य नसेल, भाडं कमी करणारी असो की पूर्ववत करणारी, तर ऑर्डर निघाल्याच्या तारखेपासून ३५ दिवसांत खात्याकडेच फेरविचाराचा अर्ज करता येतो, त्याला पार म्हणतात, पिटिशन फॉर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू. ३५ दिवस ऑर्डर हातात पडल्यापासून नाहीत, निघाल्यापासून आहेत, हे लक्षात ठेवा, पोस्टातले दिवस तुमचेच जातात. मालकाने भाडं कमी करणाऱ्या ऑर्डरवर पार केला तर मागच्या महिन्यांचे पैसे परत करणं निकाल लागेपर्यंत थांबतं, पण चालू महिन्याचं कमी भाडं थांबत नाही, ते घ्यावंच लागतं. पारचाही निकाल पटला नाही तर ६० दिवसांत सुप्रीम कोर्टात आर्टिकल ७८ खाली जाता येतं. इथल्या राज्यात सुप्रीम कोर्ट हे नाव खालच्या पायरीच्या कोर्टाचं आहे, वरच्याचं नाही, आपल्याला ते ऐकून दडपण येतं म्हणून सांगितलं.

पूर्ववत करायचा अर्ज फेटाळला गेला तर मालकाला पार करण्यापेक्षा बऱ्याच वेळा राहिलेलं काम करून नवा अर्ज टाकणं लवकर पडतं. इन्स्पेक्टरने लिहिलंय की खिडकी बंद होत नाही, तर वकिलाला पैसे देण्याआधी खिडकी बसवून घ्या.

ऑर्डर नसताना वाढीव भाडं घेणाऱ्या मालकांबद्दल एक सांगायलाच हवं. ते ओव्हरचार्ज धरलं जातं. २०१९ च्या जूनमध्ये राज्याने भाडेकरूंच्या संरक्षणाचा जो मोठा कायदा केला त्याने यात बरीच कडक तरतूद केली, आता सहा वर्षांपर्यंतचं जादा भाडं तिप्पट करून द्यायला लागू शकतं, आणि आपण मुद्दाम केलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची असते. तक्रार झाल्यावर घाईघाईने पैसे परत केले म्हणून आता सुटका होत नाही. त्याच कायद्याने असंही केलं की तुम्ही तक्रार केल्यापासून एक वर्षाच्या आत मालकाने घर सोडायला लावायचा प्रयत्न केला तर तो सूड म्हणून केला असं कोर्ट गृहीत धरू शकतं, आधी हा काळ सहा महिन्यांचा होता. आपल्याकडे बरेच लोक व्हिसाच्या काळजीने, कशाला वाकड्यात शिरा म्हणून तक्रारच करत नाहीत. तक्रार करणं हा भांडखोरपणा नाही, आणि त्यासाठी वकील लागतोच असंही नाही, फॉर्म स्वतः भरता येतात.

भाडं पूर्ववत झाल्यावर दोन महिन्यांनी छत पुन्हा गळायला लागलं तर? जुनी ऑर्डर पुन्हा जिवंत होत नाही. नवं पत्र, नवा अर्ज, नवा नंबर. जुन्या फाइलमधले फोटो आणि इन्स्पेक्टरचा रिपोर्ट मात्र जपून ठेवा, आधीची दुरुस्ती वरवरची होती हे दाखवायला ते उपयोगी पडतात. आणि थंडीत हीट गेली तर डीएचसीआरच्या अर्जाची वाट बघत बसू नका, आधी ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरला, फोन करा. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात दिवसा, सकाळी ६ ते रात्री १०, बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर घरात कमीत कमी ६८ हवं, आणि रात्री बाहेर कितीही असो, घरात ६२. शहराचा इन्स्पेक्टर येतो, नोंद होते, आणि तीच नोंद पुढे भाडं कमी करायच्या अर्जात कामी येते.

आमच्या घराचं पुढे असं झालं. मी मॅनेजमेंटला दोन ओळींचं पत्र लिहिलं की काम झाल्याबद्दल आभार, खात्याची ऑर्डर आली की पूर्ण भाडं भरीन, तोपर्यंत सध्याच्या ऑर्डरप्रमाणे भरतोय. सर्टिफाइड मेलने पाठवलं. त्यांनी अर्ज केला, मला कॉपी आली, मी लिहिलं की छत आणि सिंक उत्तम, खिडकी अजून वरून वाऱ्याला उघडी. इन्स्पेक्टर आले, त्यांनी फटीत बोट घालून बघितलं, अर्ज फेटाळला गेला. मग नवी खिडकी बसली, दुसरा अर्ज आला, यावेळी मी सही करून दिली आणि त्या महिन्यापासून फरक बाजूला टाकत गेलो. ऑर्डर आली त्या दिवशी थकबाकीचा चेक तयार होता, तो मी स्वतः ऑफिसमध्ये नेऊन दिला आणि पावती घेतली.